येसूबाईची पात

आमच्या गावात भांडणसुद्धा पैऱ्यानं होतं असं म्हणतात. आज तू माझ्या दारात येऊन तोंड सोडलंस, तर उद्या मी तुझ्या दारात यायला बांधील. मग रानातलं काम याला अपवाद कसं असणार? कराडच्या खाली कृष्णेच्या काठानं जी चार-पाच गावं आहेत, तिथल्या बायका एकमेकींना मजुरी देत नाहीत की घेत नाहीत. आज सगळ्या मिळून हिचं रान भांगलायचं, म्हणजे खुरप्यानं गवत काढायचं, उद्या तिचं. जी आपल्याकडं दिवसभर राबली, तिच्याकडं आपण दिवसभर राबायचं. हा पैरा. तो कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही.

येसूबाईचा पैरा राहीबाई, साळूबाई आणि जाईबाई या तिघींशी. चौघी एका वर्षाच्या अंतरानं या गावात नांदायला आल्या, बहात्तरच्या दुष्काळात एकाच रस्त्यावर खडी फोडायला बसल्या, आणि आता चौघींच्याही डोक्यात पांढरे आले होते. राहीबाई मऊ, कुत्र्यालासुद्धा ‘बाळा’ म्हणायची. साळूबाई हसरी, पण बोलण्यात काटा. जाईबाईविषयी काय सांगावं? पोराला पाजायला म्हणून बांधावर गेलेल्या बाईचा तेवढा वेळ तिच्या ध्यानात राहायचा, आणि पोरगं मिशा फुटून पलटणीत भरती झालं तरी राहायचा.

आणि येसूबाई. भांगलताना बायका ओळीनं बसतात, प्रत्येकीनं आपापल्या वाट्याची पट्टी धरायची, तिला पात म्हणतात, आणि सगळ्यांनी खुरपं चालवत बरोबरीनं पुढं सरकायचं. येसूबाई कधी बरोबरीनं सरकली नाही. तिची पात कायम दोन हात पुढं, आणि मान मागं वळवून ती मागच्यांना म्हणायची, “काय गं, गवताला हळदीकुंकू लावत येताय काय?”

त्या येसूबाईला गेल्या साली उजव्या छातीत गाठ लागली. नवरा हंबीरराव पलटणीतनं नाईक होऊन आलेला माणूस. त्यानं वैदू-देवऋषी केले नाहीत, सरळ एस्टीत घालून मिरजेला नेलं. तिथं उजव्या अंगाचं सगळं काढलं, काखेतल्या गाठींसकट. मग विजेचा शेक दिला. थंडी सरता सरता ती परत आली, ती अर्ध्या वजनाची, आणि उजवा हात मात्र दुप्पट. कोपराखाली असा सुजलेला की बोटं पाण्यात भिजलेल्या चवळीसारखी.

रोगाचं नाव गावात कुणी घेत नव्हतं. ‘तिला ते मिरजेचं झालंय’ म्हणायचे, जसं काही मिरजेत तंबोरे बनतात तसं तेही तिथंच बनतं. बघायला येणाऱ्या बायका नजर तिच्या चेहऱ्यावर अशी खिळवून बसायच्या की येसूबाईला वाटायचं, आपल्या कपाळावर काहीतरी चिकटलंय. “काय न्हाई हुत तुला,” असं प्रत्येक जण म्हणायचं. ज्यांना ताप आला तर गावभर बोंब होते, तेसुद्धा.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात मुडपून बसू नका, वापरा. भिंतीवर बोटं टेकवून रोज थोडी थोडी वर चढवा. हंबीररावांनी त्याची परेडच केली. भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या, आणि सकाळी चहाच्या आधी येसूबाई भिंतीशी तोंड करून उभी.

“काल हितं हुतीस. आज हितं. चल, वर. शाब्बास. आता आराम से.”

“आवं, मी काय रंगरूट हाय का?”

“रंगरूट बरा. तोंड चालवत न्हाई.”

शेजारच्या पोरांनी खिडकीतनं हे बघितलं आणि येसूबाई पालीसारखी भिंतीवर चढते म्हणून गावभर केलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. पाल तर पाल. पाल काम तरी करते.

तिला वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ती दवाखान्यात असताना तिघींनी तिचा शाळू काढून दिला होता. ते ठीक. पण घरी आल्यावरही राहीबाई वाटी भरून शिरा घेऊन यायची, आणि येसूबाई रिकाम्या वाटीत घालायला काही शोधायला लागली की म्हणायची, “राहू दे गं, तू कशाला उठतीस?” आणि वाटी तशीच रिकामी घेऊन जायची. आमच्याकडं शेजारणीची वाटी कुणी रिकामी देत नाही. चार मिरच्या का होईनात, घालतात. येसूबाई त्या रिकाम्या वाटीकडं ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहायची.

आषाढात भुईमुगाची भांगलण आली. येसूबाईनं खुरपं काढलं, दगडावर घासलं, आणि पहिल्या दिवशी राहीबाईच्या रानात हजर झाली. राहीबाईनं तिला बघितलं आणि धावत येऊन हात धरला. तोसुद्धा डावा, जपून.

“आगं बया, तू कशाला आलीस? बस हितं सावलीला. हे पोरगं घे मांडीवर, तेवढंच मला मोकळं हुईल.”

दिवसभर येसूबाई बाभळीखाली बसली. मांडीवर राहीबाईचा नातू. त्यानं तिच्या लुगड्यावर दोनदा धार सोडली. समोर तिघींच्या पाती पुढं जात होत्या, आणि चौथ्या पातीवर साळूबाईची पुतणी, जिला खुरपं कुठल्या बाजूनं धरायचं ते कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात साळूबाईचं रान. या वेळी येसूबाई कुणाला बोलायला सवड न देता थेट पातीवर जाऊन बसली. साळूबाई आली आणि तिनं हसत हसत येसूबाईच्या मुठीतनं खुरपं काढून घेतलं. “डाक्टरनं सांगितलंय का खुरपं धराय? उद्या हाताला लागलं म्हंजे हंबीरदाजी बंदूक घिऊन येतील माज्या दारात. जा, बांधावर बसून गाणं म्हण.”

येसूबाई बांधावर बसली नाही. घरी आली आणि खुरप्याऐवजी जे हाताला लागलं ते आपटलं. पितळी तांब्या होता. हंबीरराव पुढच्या सोप्यात दाढी करत होते.

“आराम मिळतोय तर घ्यायचा,” ते आरशात बघत म्हणाले. “पलटणीत आमी आरामासाठी पोट दुखतंय म्हणून सांगत हुतो.”

“तुमचं पोट खोटं दुखत हुतं. माजा आराम खरा हाय, म्हणून तर काळजी.”

हंबीररावांना ते समजलं नाही. त्यांनी गालाला साबण लावला.

मग येसूबाईच्या रानाची पाळी आली. सकाळी राहीबाई, साळूबाई आणि ती पुतणी खुरपी घेऊन आल्या. जाईबाई नव्हती, लेकीच्या बाळंतपणाला फलटणला गेली होती. येसूबाई आधीच बांधावर उभी होती, पदर खोचून.

“रानात उतरायचं न्हाई,” ती म्हणाली.

“असं काय करतीस गं?” राहीबाई म्हणाली. “गवत बघ की, भुईमूग दिसंना झालाय.”

“माजं गवत हाय. मी बघीन.”

साळूबाई हसली. “आमी काय परक्या हाय व्हय? तू बस तिथं, गप्पा मार. दुपारपतोर उरकतो.”

“साळू, मला एक सांग. पैरा न घेता आपण कुणाच्या रानात राबतो?”

साळूबाईचं हसू जरा कमी झालं.

“सांग की. धोंडुबायचा न्हवरा गेला तवा आपण तिचं रान पेरून दिलं. तिच्याकडनं दिस मागितला का? न्हाई. मयताच्या घरचं काम बिनपैऱ्याचं, ही आपली रीत. शाळू काढलासा, ठीक हाय, मी दवाखान्यात हुते. आता मी तुमच्या रानात येऊन बसती तर पोरगं दितासा, खुरपं काढून घेतासा. आन माज्या रानात फुकट राबाय येतासा. मग हितं कोण मेलंय, ते तरी कळू द्या.”

राहीबाईच्या डोळ्यांत लगेच पाणी. “आमी मायेपोटी करतोय आन तू असं बोलतीस?”

“माया घरात ठेव. रानात पैरा आण.”

“जीभ तेवढी शाबूत ठिवली वाटतं डाक्टरनं,” साळूबाई म्हणाली.

“सालभरात हे पयलं बरं बोललीस.”

पण साळूबाईनं ते ऐकलं नाही. तिघी परत गेल्या, खुरप्याला माती न लागता. गावानं दिवस मावळायच्या आत निकाल दिला: मिरजेचं डोक्यात चढलं.

आता रानात फक्त गवत खूश होतं. पावसानं उघडीप दिली, ऊन पडलं, आणि ते असं माजलं की बांधावरनं बघणारे चुकचुकायला लागले. रोजगारी बाई मिळेना. त्या दिवसांत प्रत्येकीचा हात कुठं ना कुठं गुंतलेला. शेवटी हंबीरराव स्वतः भांगलायला बसले. आमच्याकडं भांगलण हे बायकांचं काम. पुरुषानं खुरपं धरून पातीवर बसणं म्हणजे मिशीला वेणी घालण्यासारखं. रस्त्यानं जाणारा आकाराम थांबला आणि म्हणाला, “काय नाईकसाब, दुश्मन किती उरला?” हंबीरराव खुरपं चालवत राहिले. दुश्मन पडत होता हे खरं, पण आपल्या बाजूचेही बरेच पडत होते.

येसूबाई शेजारी बसली, खुरपं डाव्या हातात. उजव्या मुठीत खुरप्याची बारीक मूठ राहतच नव्हती. थोडं चालवलं की हात तापायचा आणि जड व्हायचा. डाव्या हाताला मात्र अक्कल नव्हती. गवत म्हणून ओढावं तर भुईमूग हातात यायचा, खाली इवल्याशा कोवळ्या शेंगा लटकलेल्या. अशी चार-पाच रोपं आली, आणि मग तिनं खुरपं लांब भिरकावलं. तेही डाव्या हातानं. ते नेम चुकून हंबीररावांच्या पायाशी पडलं.

“आता माज्यावर,” हंबीरराव म्हणाले.

तिला राग कुणाचा आला होता, हे तिलाच धड सांगता आलं नसतं. राहीचा आला होता, कारण ती चांगली होती. साळूचा, कारण ती चूक नव्हती. हात खरंच चालत नव्हता. आणि या हाताचा तर इतका, की तो दुसऱ्या कुणाचा असता तर तिनं त्याला घरात घेतला नसता.

जाईबाई फलटणहून आली त्या दिवशी संध्याकाळी येसूबाईच्या दारात उभी राहिली. नारळ नाही, शिरा नाही. तिनं नजर खिळवली नाही की चुकवली नाही. वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, बाजारात म्हैस बघतात तसं.

“हात लय सुजलाय की.”

“तुला काय करायचंय?”

“करायचं हाय म्हणून तर आले. गेल्या साली दसऱ्याच्या वक्ताला मी तुज्याकडं एक दिस भांगलले. तुजा परतीचा दिस आला आन तू मिरजेला गेलीस. त्यो दिस ऱ्हायलाय.”

पोराच्या मिशा येईतो वेळ ध्यानात ठेवणारी बाई आपल्याकडंही येईल, हे येसूबाईला सुचलं नव्हतं. “मी काय लग्नाला गेलते का मिरजेला?”

“मी कुटं म्हंते? पण परत आलीस न्हवं. माजी सून म्हायेरी हाय, लेक बाळंतीण झालीया, मला हात पायजे. आन हे बघ, खरं सांगती, राग यिऊ दे न्हाईतर न्हाई. तुज्या दुखण्याचा कुणाला भरोसा? उद्या काय बरं-वाईट झालं तर माजा दिस मी कुणाकडनं मागू? हंबीरदाजींकडनं?” तिनं रानाच्या दिशेनं मान उडवली. “त्येंचं भांगलणं मी येता येता बघून आले. नगं.”

आत हंबीरराव खोकले. तंबाखू घशात अडकली असावी.

वर्षभरात ‘काय न्हाई हुत तुला’ ऐकून ऐकून येसूबाईचे कान किटले होते. तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं, की तू मरशीलसुद्धा. आणि ही बया म्हणाली ती एका दिवसाच्या भांगलणीसाठी. येसूबाईला हिच्या झिंज्या धराव्यात असं वाटलं, आणि त्याच वेळी बसायला पाटही द्यावा असं वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही.

“माजा हात अर्धा चालतो,” ती म्हणाली.

“मग दोन दिस ये.”

राहीबाईच्या कानावर हे गेलं तेव्हा ती म्हणाली, “ह्या जाईच्या काळजाच्या जागी वरवंटा हाय.” आणि तिनं हंबीररावांना निरोप पाठवला की येसूला जाऊ देऊ नका. हंबीररावांनी उलटा निरोप पाठवला की पलटणीत नाईकाच्या वर सुभेदार असतो, आणि आमच्या घरात तो आत बसतो.

जाईबाईच्या रानात त्या दिवशी सगळ्याच होत्या. राहीबाई आणि साळूबाईचाही पैरा होता. येसूबाई येऊन पातीवर बसली तशा दोघी घाबरल्यासारख्या एकमेकींकडं बघू लागल्या. येसूबाईनं खुरप्याच्या मुठीला जुनं फडकं गुंडाळून ती जाड केली होती, म्हणजे सुजलेल्या मुठीत नीट राहील. थोडा वेळ उजवा, थोडा वेळ डावा, असं ती चालवत होती. तरी पात मागं पडत होती.

मागं पडायला आणखी एक कारण होतं. खणाची चोळी पुढं गाठ मारून घालायची. एका अंगाला धरायला काही नाही, म्हणून येसूबाई चिंध्यांची गुंडाळी करून आत ठेवायची. उभं असताना ठीक. वाकलं, घाम आला, की ती गुंडाळी पोटाकडं प्रवासाला निघायची. दर चार हातांवर खुरपं टाकायचं, इकडं-तिकडं बघायचं, गुंडाळी वर ढकलायची, गाठ आवळायची.

“तुजं मगाधरनं काय चाललंय?” जाईबाई पुढनं ओरडली. “किडा शिरला का?”

पाती थांबल्या. येसूबाईनं एकदा आभाळाकडं बघितलं. मग पाठ वळवली, गुंडाळी बाहेर काढली, चोळीची गाठ नव्यानं मारली, आणि ती चिंध्यांची गुंडाळी बांधावरच्या निवडुंगावर नेऊन ठेवली. परत येऊन बसली. छातीचा सपाट भाग पदराखालून दिसायचा तेवढा दिसत होता. राहीबाईनं मान खाली घातली. साळूबाईनं बघितलं, थोडं जास्तच वेळ बघितलं, आणि मग म्हणाली, “म्या म्हणलं हिचं पोट कुटनं सुटाय लागलं.”

साळूबाईच्या पुतणीला हसू आवरेना. येसूबाईला राग आला, पण तो नेहमीचा, जुना राग होता, ओळखीचा.

थोड्या वेळानं तिला दिसलं की आपल्या पातीतलं डाव्या कडेचं गवत आपोआप नाहीसं होतंय. शेजारच्या पातीवरनं राहीबाईचा हात हळूच आत येत होता. येसूबाईनं खुरप्याच्या मुठीनं त्या हातावर टोला दिला.

“आई गं!”

“तुजी पात तू बघ.”

“मदतच करतीया की मी.”

“त्येच सांगती.”

दिवस कलला तेव्हा बाकीच्या वरच्या बांधाला लागल्या होत्या आणि येसूबाई रानाच्या मध्यावर. जाईबाई तिच्या पातीवरनं चालत आली, वाकून वाकून बघत. एका ठिकाणी तिनं माती उकरली आणि लव्हाळ्याची गाठ वर काढली.

“हे काय? वरनं खुडलंयस. मुळी खालीच. चार दिसांत परत वर येतंय हे. गवताला हळदीकुंकू लावत आलीस काय?”

येसूबाईचंच वाक्य. ती उठून उभी राहिली. “दुसरीकडं कुटं ऱ्हायलंय का, दाव.”

“एवढं एक दावलं की. अर्धाच दिस धरती मी.”

“अर्धा? सकाळधरनं हितं बसलीया.”

“बसलीस किती ते न्हाई बगत मी. भांगललीस किती ते बगती.”

येसूबाई बोलायला लागली. जाईबाईच्या माहेरापासून सुरुवात झाली आणि दुष्काळात खडीच्या ढिगाऱ्यावरनं झालेल्या भांडणापर्यंत आली. जाईबाईनंही काही ठेवलं नाही. राहीबाई मध्ये पडायला निघाली, साळूबाईनं तिचा पदर ओढला. “जाऊ नगं. सालाचं साठलंय.”

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी येसूबाईला हात उचलवेना. खांद्यापासून लाल, ताठ, दुधी भोपळ्यासारखा. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हंबीररावांनी वाकळेची घडी करून हात तिच्यावर उंच ठेवला. भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. सगळ्यात वरच्या रेघेकडं ती पडल्या पडल्या बघत होती. ती गाठायला किती सकाळी गेल्या होत्या, आणि आता परत खालनं सुरुवात.

सूज उतरायला लागली त्या दिवशी राहीबाई आली. हातात शिऱ्याची वाटी. हात बघून तिनं ओठ चावला, पण या वेळी ‘काय न्हाई हुत’ म्हणाली नाही. तिच्या मनगटावर येसूबाईनं दिलेल्या टोल्याचा काळा डाग अजून होता.

येसूबाईनं शिरा खाल्ला. मग विचारलं, “पुढच्या सोमवारी कुणाचं रान?”

दुसऱ्या खेपेची भांगलण होती, आणि रान राहीबाईचंच होतं. खोटं तिला बोलता येत नव्हतं. “माजं,” ती म्हणाली.

“मग?”

“डाक्टरला इचारलंस का?”

“त्यो म्हंतो वापर. थोडा थोडा वापर. मी लय वापरला, चुकलं. आता दुपारपतोर बसीन, मग उठीन. अर्धा दिस. तूबी माज्याकडं अर्धाच ये.”

राहीबाईनं सुजलेल्या बोटांकडं बघितलं. “कडंची पात घे मग.”

“कडंची आखूड असती. मला काय ठावं न्हाई व्हय?”

“मग मधली घे बाई.” राहीबाई वैतागली. वैतागण्याची तिला सवय नव्हती, त्यामुळं आवाज भलत्याच ठिकाणी चढला. “मधली घे, आन मागं ऱ्हायलीस तर मी बोलणार. मग रडू नगंस.”

“बोल की. जमतंय का बघू.”

येसूबाई उठली. डाव्या हातानं उतरंडीवरचं वरचं मडकं खाली घेतलं, त्यातनं मूठभर हुलगे काढले. काही जमिनीवर सांडले; डाव्या हाताला अजूनही अक्कल नव्हती. उरलेले तिनं वाटीत घातले आणि वाटी पुढं केली.

राहीबाईच्या तोंडात ‘राहू दे’ आलं होतं. ते दिसलं. तिनं ते गिळलं, वाटी घेतली, आणि सांडलेल्या हुलग्यांकडं बोट करून म्हणाली, “ते बी उचल. मला कमी आल्यात.”